माकोडे

पेंढारी येऊन गेले त्याच्या दुसऱ्या साली,
गायगोधनाच्या दिवशी, ढाल अजून आखरावर उभी असताना
झोलबा गोवाऱ्याला तांबड्या गोऱ्ह्यानं उचललं.
डफ वाजतच राहिला.
वाजवणाऱ्याला कळायला जरा वेळ लागला.

मी तेव्हा नऊ वर्षांचा. महागू न्हावी माझा मामा.
त्याची धोपटी मी वाहायचो:
दोन वस्तरे, झिजून खळगा पडलेली सहाण,
नराणी, चिमटा, कान कोरायची सळई.
गळू फोडायचा तोही त्याच वस्तऱ्यानं,
पाटलाची दाढी करायचा तीही त्याच.

झोलबाला खाटेवर घालून आणलं.
धोतराच्या सोग्यात त्यानं स्वतःचं आतडं धरलेलं,
कुणाच्या वावरातून चोरून आणल्यासारखं.
म्हणाला, "महागू, पाय थंडे पडले गा. तेवढे झाकून दे."

मामानं वाकून जखमेचा वास घेतला.
मग माझ्याकडे न बघता,
"तुंबा घे. पांदीतल्या मोहावर जाय.
माकोडे आन. काळे, मोठ्या डोक्याचे.
मेलेला एकबी नोको."

मी खोडाला तळवा लावून उभा राहिलो.
ते कोपरापर्यंत चढले.
रडत होतो आणि मनाशी म्हणत होतो,
चावू दे, चावणाराच कामाचा.

परत आलो तर जवसाच्या तेलाचे तीन दिवे,
चौथा वैजंतानं धरलेला, त्याच्या बायकोनं.
तिचा हात हलत नव्हता. तिच्याकडे बघवत नव्हतं.
मोहाची अर्धी झोलबाच्या घशात,
अर्धी मामाच्या हातांवर.
दातांत धरायला वेसण दिली.
त्याच गोऱ्ह्याची. दुसरी जवळ नव्हती.

कोमट दुधानं मामा आतडं धुवत गेला,
वळ्या उलगडत, जसं तान्ह्याला धुवावं.
दोन बोटं चीर सापडली.
त्यानं कडा जुळवल्या, चिमट्यात माकोडा धरला,
तोंड कडांवर टेकवलं.
जबडा मिटला. मामानं धड पिळून टाकलं.
डोकं राहिलं, चावा राहिला.
दुसरा.
तिसरा.
अकरा डोकी, काळ्या पोतीसारखी ओवलेली.
बारावा काही केल्या चावेना.
मामानं त्याला भुईवर सोडला.
तो दिव्याला वळसा घालून निघून गेला.

मग तूप लावून सगळं आत,
वरून आंबाडीच्या दोऱ्यानं कातडं,
त्यावर हळद, मध, सरकी काढलेला कापूस.
पाटील दारातून म्हणाला, "जगला तर पायलीभर ज्वारी तुले."
"आन् मेला तर?"
पाटील पागोटं सारखं करू लागला.

तिसऱ्या दिवशी झोलबानं आंबील मागितली.
चौथ्या दिवशी म्हणाला, "गोऱ्हा कुठी हाय? मारू नोका त्याले."
वैजंता हसली, मी पाहिलं.
पाचव्या रात्री पोट नगाऱ्यासारखं ताठलं.
मामा त्यावर हात ठेवून बसला,
आतून कुणी हाक मारील तसा.
पहाटे त्यानं हात काढला आणि धुतलाच नाही.

दहाव्याला बेंबळेच्या काठी
झोलबाच्या दोन्ही पोरांची डोकी मामानंच केली.
धोपटीत दुसरा वस्तरा होता. तो त्यानं काढला नाही.
धाकट्याच्या कानामागं जरासं लागलं.
मामानं अंगठा दाबून धरला.
रक्त कधीचं थांबलं होतं. मामा दाबतच होता.
पोरगं म्हणालं, "सोड ना गा."

तो वस्तरा आता माझ्याकडे आहे.
चार पोटं शिवली मी. तीन गेली.
चौथा उकंडा माळी. तो जगला,
आणि दरसाल बांधावरून माझ्याशी भांडतो.
काल शिव्या देता देता त्याची बंडी वर सरकली.
वण दिसला. वाकडा आलाय, मामाला पटला नसता.
आत माझी चौदा डोकी आहेत लेका, म्हणणार होतो.
नाही म्हणालो.
त्याचा आवाज चांगला मोठा होता, पोटातून येणारा.
मी ऐकत उभा राहिलो.